चाळिशीत दमसास कमवा, साठीनंतरचा दवाखान्याचा खर्च कमी करा

म्हातारपणीच्या आजारपणासाठी चार पैसे बाजूला ठेवावेत, हे सगळ्यांना पटतं. तो खर्च मुळातच कमी व्हावा म्हणून चाळीस ते साठ या वयात काय करता येईल, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. खरं तर यात मोजता येण्याजोगं बरंच काही आहे. सुरुवात एका मोजमापापासून करायची: तुमचा दमसास आज किती आहे?

दमसास म्हणजे जास्तीत जास्त जोर लावल्यावर तुमचं शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. तो 'मेट' या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, तो एक मेट. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर वेगानं चालायला साडेतीन मेटच्या आसपास लागतात, ताशी आठ किलोमीटरनं धावायला आठच्या थोडे वर. ज्याची कमाल मजल सहा-सात मेटची आहे, त्याला भरभर जिना चढताना धाप लागते, कारण तेवढ्यातच तो आपल्या टोकाला पोचलेला असतो.

खर्चाशी संबंध कसा कळला

डॉ. केनेथ कूपर यांनी १९७० मध्ये अमेरिकेत डॅलसला एक संस्था सुरू केली. तिथे तपासणीला येणाऱ्यांची ट्रेडमिल चाचणी होत असे. वेग ताशी सुमारे ५.३ किलोमीटर, पहिलं मिनिट सपाट, दुसऱ्या मिनिटाला दोन टक्के चढ आणि पुढे दर मिनिटाला एकेक टक्का वाढवत जायचं, माणूस थकून थांबेपर्यंत. चाचणीच्या वेळी धडधाकट असलेल्या १९,५७१ लोकांचे हे आकडे पुढे अमेरिकेच्या मेडिकेअर या ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या १९९९ ते २००९ मधल्या बिलांशी जोडले गेले. चाचणीच्या वेळचं सरासरी वय ४९ होतं. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी दमसास असलेल्या पुरुषांचा वार्षिक खर्च सरासरी १२,८११ डॉलर होता, चांगला दमसास असलेल्यांचा ७,५६९ डॉलर. स्त्रियांमध्ये हेच आकडे १०,०२९ आणि ६,०६५ डॉलर होते. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, वजन यांचा फरक हिशेबात धरूनही दर जादा मेटमागे पुरुषांचा खर्च ६.८ टक्क्यांनी आणि स्त्रियांचा ६.७ टक्क्यांनी कमी दिसला.

या आकड्यांची मर्यादाही लक्षात घ्या. ही वेगवेगळ्या माणसांमधली तुलना आहे. दमसास एका मेटनं वाढवला की बिल नेमकं तेवढंच उतरेल, अशी हमी त्यात नाही. त्या तपासण्यांना आलेली मंडळी बहुतेक शिकलेली आणि सुखवस्तू होती. तरीही दिशा अगदी स्पष्ट आहे, आणि शरीरात काय घडतं ते पाहिलं की तिच्यामागचं कारणही कळतं.

मधलं वयच का

मोठी बिलं थोड्याच गोष्टींची येतात: हृदय कमकुवत होऊन वारंवार भरती व्हावं लागणं, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं, मधुमेहाच्या गुंतागुंती, खुब्याचं हाड मोडणं आणि परावलंबी झाल्यावरची दीर्घ देखभाल. यातली बहुतेक दुखणी साठीनंतर उघडकीला येतात, पण मुरायला लागतात ती चाळिशीत.

हृदयाचंच घ्या. बैठ्या माणसाच्या हृदयाचा डावा कप्पा वयाबरोबर ताठर होत जातो. तो नीट सैल होत नाही, म्हणून पुरेसं रक्त भरून घेत नाही. ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या स्त्री-पुरुषांना दोन वर्षं व्यायाम करायला लावून डॅलसमध्येच एक प्रयोग झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांचा दमसास १८ टक्क्यांनी वाढला आणि हृदयाचा ताठरपणा कमी झाला. पासष्टी उलटलेल्या बैठ्या लोकांवर असाच एक वर्षाचा प्रयोग आधी झाला होता. त्यांचा दम वाढला, पण हृदयाच्या ताठरपणात फारसा फरक पडला नाही. चाळीस ते साठ ही वर्षं हातची जाऊ देऊ नका असं कळकळीनं सांगावंसं वाटतं, ते यामुळे. साठी ओलांडलेल्यांनी यावरून निराश होऊ नये. स्नायू, तोल आणि रक्तातली साखर कोणत्याही वयात सुधारतात.

मधुमेहाचा पुरावा तर आणखी भक्कम आहे, कारण तो चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या मोठ्या प्रयोगातून आला आहे. २००२ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम आणि सात टक्के वजनघट एवढं ध्येय दिलं होतं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनं ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं.

आणखी एक गोष्ट. डॅलसच्याच १८,६७० लोकांच्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा दमसास चांगला होता, त्यांचं आजारपण आयुष्याच्या शेवटच्या थोड्या वर्षांत गोळा झालं होतं. म्हणजे दीर्घ आजारांना तोंड देत काढायची वर्षंच कमी झाली.

सुरू करण्याआधी

चालताना छातीत दडपण येणं, नेहमीच्या कामातही नव्यानं धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, छातीत अनियमित धडधड किंवा जवळच्या नात्यात ऐन वयात अचानक मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि आजवर व्यायाम नसेल, तरीही हेच. बाकीच्यांनी हलक्या चालण्यानं सुरुवात करायला हरकत नाही.

औषधांपैकी दोन नीट लक्षात ठेवा. बीटा ब्लॉकर हे रक्तदाबाचं किंवा हृदयाचं औषध घेत असाल तर नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, म्हणून खाली दिलेली नाडीची गणितं तुम्हाला लागू नाहीत. तुम्ही बोलण्याच्या कसोटीवर चाला, म्हणजे चालताना कितपत बोलता येतं त्यावरून वेग ठरवा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाची मधुमेहाची गोळी चालू असेल तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते. खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं आणि मोजल्यावर साखर ७० च्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम साखर घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा. मोजायला यंत्र जवळ नसेल तर साखर आधी घ्या.

दमसास घरच्या घरी कसा मोजायचा

प्रयोगशाळेची गरज नाही. एक मैल, म्हणजे १,६०९ मीटर, शक्य तितक्या भरभर चालायचं. धावायचं नाही. धावलात तर सूत्र चुकीचं उत्तर देतं. ४०० मीटरच्या मैदानाच्या सर्वांत आतल्या पट्ट्यातून चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर झाले की मैल पुरा होतो. वेळ नोंदवा आणि थांबल्याबरोबर मनगटावर किंवा गळ्याच्या एका बाजूला नाडी धरून १५ सेकंद मोजा, मग चारनं गुणा.

आता सूत्र. ४८ वर्षांचा, ७२ किलो वजनाचा पुरुष, वेळ १५ मिनिटं ३० सेकंद, नाडी १२८, असं धरू.

वजन: ७२ × ०.१६९५ = १२.२०
वय: ४८ × ०.३८७७ = १८.६१
वेळ: १५.५ × ३.२६४९ = ५०.६१
नाडी: १२८ × ०.१५६५ = २०.०३
चारींची बेरीज: १०१.४५

१३२.८५ मध्ये पुरुषांनी ६.३२ मिळवायचे, स्त्रियांनी काहीच मिळवायचं नाही. इथे ते झाले १३९.१७. त्यातून १०१.४५ वजा केले की उरतात ३७.७२. हा मिनिटाला दर किलोमागचा ऑक्सिजन. ३.५ नं भागा: १०.८ मेट.

चुका इथे दोनच होतात, पण त्या हमखास होतात. पहिली, १५ मिनिटं ३० सेकंद हे १५.३० असं लिहिणं. सेकंदांना ६० नं भागून १५.५ लिहायचं असतं. दुसरी, थांबल्यावर घोटभर पाणी पिऊन मग नाडी मोजणं. तेवढ्यात नाडी सहज दहा ठोक्यांनी उतरते आणि उत्तर जवळजवळ अर्ध्या मेटनं फुगतं. पुढच्या वेळी नाडी वेळेवर मोजलीत की आकडा घसरलेला दिसतो आणि उगाच मन खट्टू होतं. पहिल्या चाचणीच्या दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा करा आणि दुसरा आकडा धरा. पहिल्या वेळी वेगाचा अंदाज कुणालाच येत नाही.

त्याच दिवशी आणखी तीन नोंदी करा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का. रक्तदाब घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, उघड्या दंडावर पट्टा बांधून मोजा. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून सरासरी घ्या. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

सोळा आठवड्यांचा आराखडा

पहिले चार आठवडे फक्त सवय लावायची. आठवड्यातून पाच दिवस, २० मिनिटांपासून सुरू करून ३० पर्यंत. वेग असा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. कंटाळवाणं वाटलं तरी हा टप्पा गाळू नका. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत साथ द्यायला लागतात, पण स्नायूंची टोकं हाडाला जोडणाऱ्या कंडरांना घट्ट व्हायला काही महिने लागतात. उत्साहाच्या भरात तिसऱ्या आठवड्यात धावायला निघालेल्यांची टाच, पोटरी किंवा गुडघा पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुखायला लागतो तो यामुळेच.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात वेळ ३५ ते ४० मिनिटं करा. त्यातल्या दोन दिवशी मध्येच एकेक मिनिट इतकं भरभर चाला की तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. मग दोन मिनिटं संथ. असं सहा वेळा.

नवव्या आठवड्यापासून खरी वाढ सुरू होते. आठवड्यातला एक दिवस चार मिनिटांच्या चार जोरकस फेऱ्यांचा. दहा मिनिटं हलकं चालून अंग गरम करा, मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं संथ, असं चार वेळा, शेवटच्या फेरीनंतर मात्र तीनऐवजी पाच मिनिटं संथ. सगळं मिळून ४० मिनिटं. पहिल्या आठवड्यात दोनच फेऱ्या करा, पुढच्यात तीन, मग चार. जोर किती? कमाल नाडीचा अंदाज २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करून येतो. पन्नाशीत तो १७३ येतो आणि त्याच्या ८५ ते ९५ टक्के म्हणजे १४७ ते १६४. हा अंदाज दहा-बारा ठोक्यांनी चुकू शकतो, म्हणून श्वासाकडेही लक्ष असू द्या. सपाटीवर नाडी तेवढी चढत नसेल तर चढ, जिना किंवा सायकल वापरा. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल किंवा पोहणं उत्तम.

इथे बहुतेकांचं गणित पहिल्या मिनिटातच बिघडतं. नाडीला वर चढायला दीड-दोन मिनिटं लागतात. घड्याळात आकडा दिसत नाही म्हणून माणूस जिवाच्या आकांतानं पळतो आणि तिसऱ्या मिनिटाला गळून बसतो. पहिली दोन मिनिटं आकडा विसरा. चारही मिनिटं एकसारखा टिकेल असा वेग धरा. शेवटची फेरी पहिलीइतक्याच अंतराची झाली, तर वेग बरोबर होता असं समजा.

उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस एकेका मिनिटाच्या सहा फेऱ्यांचा आणि तीन दिवस निवांत, ४० मिनिटांचे. आठवड्याची बेरीज दोनशे मिनिटांच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मध्यम जोराचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं सांगितला आहे, त्यात हे नीट बसतं.

वर्षानुवर्षं रोज त्याच रस्त्यानं त्याच वेगात फिरायला जाणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ते फिरणं चांगलंच आहे, सोडू नका. पण शरीर त्याला सरावलं की दमसास तिथेच थांबतो. आठवड्यातले दोन दिवस धाप लागलीच पाहिजे.

ताकद आणि तोल

पडण्यामुळे होणारा खर्च दमसास एकटा वाचवत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, २५ मिनिटं ताकदीची. खुर्चीवरून उठ-बस. भिंतीला आणि पुढे टेबलाला हात टेकून जोर. जड, हलणार नाही अशा गोष्टीला अडकवलेला लवचिक पट्टा पोटाकडे ओढणं. पाठ सरळ ठेवून कमरेत वाकत जमिनीवरचं वजन उचलणं. टाचा उचलणं, दोन सेकंदांत वर आणि तीन सेकंदांत खाली. दोन्ही हातांत वजन घेऊन ३० मीटर चालणं. चालणं सोडून बाकी प्रत्येकाचे आठ ते बारा वेळांचे दोन सेट. सेट संपताना आणखी दोनच वेळा जमलं असतं, इतपत जड वजन हवं. सलग दोन दिवस बारा सहज झाले की वजन थोडं वाढवा. उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब झपकन चढतो. खाली आणताना श्वास घ्या, उचलताना सोडा.

तोलासाठी वेगळा वेळ नको. दात घासताना एका पायावर उभे राहा, सकाळी डावा, रात्री उजवा. बाजूला धरायला आधार असू द्या.

दुखलं तर

आदल्या दिवशीच्या व्यायामानं मांड्या जड वाटणं ठीक, दोन दिवसांत ते जातं. सांध्यात एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, सूज किंवा चाल बदलणारं दुखणं ठीक नाही. तिथे चालण्याचा वेळ निम्मा करा, जोरकस फेऱ्या सायकलवर न्या आणि दहा-बारा दिवसांत उतार नसेल तर दाखवून घ्या. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर ती तळपायाच्या पट्ट्यावर आलेल्या ताणाची खूण असते. बहुधा चालणं एकदम वाढवल्यावर ती सुरू होते.

ताप असेल, छाती भरली असेल तेव्हा जोराचा व्यायाम पूर्ण बंद. बरं वाटल्यावर पहिला आठवडा निम्म्या वेळेचा आणि फेऱ्यांशिवाय. दोन-चार आठवडे खंड पडला की दमसास घटायला लागतो. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा त्या तीन आठवड्यांनी केलेली घट तीस वर्षांच्या वयवाढीहून जास्त निघाली. पण पन्नाशीतल्या त्याच पाच जणांनी सहा महिने टप्प्याटप्प्यानं व्यायाम केला आणि त्यांचा दमसास विशीतल्या मूळ पातळीवर परतला.

वही कशी ठेवायची

एका वहीत दर महिन्याला तीन रकाने भरा: औषधं, तपासण्या, दवाखान्याच्या फेऱ्या. बाजूला दर बारा आठवड्यांचा मेटचा आकडा, रक्तदाब आणि कमरेचा घेर. पहिल्या वर्षी खर्च थोडा वाढलेलाही दिसेल, कारण तपासण्या होतात, बूट घ्यावे लागतात. चांगले बूट आणि रक्तदाबाचं दंडावरचं यंत्र एवढ्यावर पैसे खर्च करावेत. ताकदीच्या पावडरी, घाम काढणारे पट्टे, महागडी घड्याळं यांनी मेट वाढत नाही.

औषध स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. उठून उभं राहताना अंधारी येणं किंवा साखर वरचेवर उतरणं, ही मात्रा आता जास्त होत असल्याची खूण असू शकते. तेव्हा पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.

बारा आठवडे नेमानं करूनही आकडा हलला नाही, तर आधी नाडी वेळेवर मोजली होती का ते पाहा. मग फेऱ्यांत खरंच धाप लागत होती का ते आठवा. दोन्ही बरोबर असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. मोठ्यानं घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेत श्वास अडकतो का, याचीही तपासणी करा. सगळं ठीक निघालं, तर तुमचं शरीर सावकाश प्रतिसाद देणाऱ्यांपैकी असेल. अशांनी निवांत दिवसांपैकी दोन दिवसांची वेळ ५५ मिनिटांवर न्यावी आणि आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा मैल चालून पाहावं.